परीक्षेआधीची सबब

शास्त्रपाठ : मत्तय २५:१४-३०

देवास जिल्ह्यातील खातेगांवच्या परिसरात परीक्षा आणि गव्हाची कापणी जवळजवळ एकाच सुमारास येतात. "शेतावर जावे लागले, म्हणून वाचन राहिले," ही मुलाची खरी अडचण असू शकते. परंतु "यंदा मी पुस्तक उघडलेच नाही," असे जो आधीच चारचौघांत सांगत फिरतो, त्याची गोष्ट निराळी. नापास झाला तर दोष अभ्यास न करण्याचा. पास झाला तर न वाचता पास झाल्याची वाहवा! दोन्हीकडून अब्रू राखली जाते, विद्या मात्र बुडते.

१९७८ साली बर्ग्लास व जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना न सुटणारी कोडी घातली आणि "उत्तम केलेत" असे सांगितले. मग पुढच्या चाचणीपूर्वी दोन औषधे पुढे ठेवली : एक बुद्धी तल्लख करणारे, दुसरे मंद करणारे. त्यांतील पुष्कळ तरुणांनी दुसरेच मागितले. यश कशाने मिळाले हे न कळल्यामुळे ते पुन्हा मिळेल असा त्यांना भरवसा नव्हता.

मुले तीन हेतूंनी शिकतात :

१. विषय समजावा म्हणून.
२. इतरांपेक्षा सरस दिसावे म्हणून.
३. आपण 'ढ' ठरू नये म्हणून.

२००१ साली मिजली व उर्डन यांच्या अभ्यासात तिसरा हेतू धरणारी मुले अशा सबबी अधिक करताना आढळली. पहिल्या हेतूच्या मुलांत ही सवय सहसा कमी असते.

दृष्टांतातील तिसऱ्या दासाने धन उधळले नाही. भ्याल्यामुळे पुरून ठेवले. आपल्या वर्गातील आळशी वाटणारे मूलही कदाचित भ्यालेलेच असेल. त्याला रागावल्याने भीती वाढते. म्हणून आपण शब्बाथ शाळेत पाठांतराचे गुण सर्वांसमोर वाचू नयेत. "हुशार आहेस," एवढेच न म्हणता काय चांगले केले ते सांगावे. चुकलेल्याला पुन्हा संधी द्यावी. मध्य प्रदेश शासनानेही २०१६ साली नापास विद्यार्थ्यांसाठी 'रुक जाना नहीं' योजना काढून हेच केले होते.

चर्चेसाठी प्रश्न

१. खरी अडचण व आधीच रचलेली सबब आपण कशी ओळखाल?
२. निकालाच्या दिवशी घरी आपला पहिला प्रश्न कोणता असतो : "किती गुण?" की "काय शिकलास?"