जुन्या लॅपटॉपची पारख

उच्च शिक्षण, स्पर्धा परीक्षांची तयारी, नोकरीचे अर्ज या सर्वांसाठी संगणक आता आवश्यक झाला आहे. नवा लॅपटॉप ज्या कुटुंबास परवडत नाही, त्याचे लक्ष साहजिकच जुन्याकडे वळते. अनेक कार्यालये काही वर्षांनी आपले लॅपटॉप बदलतात. अशी यंत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठांत अल्प किमतीत मिळतात. परंतु बचतीतून घेतलेले यंत्र ऐन परीक्षेच्या तोंडावर बंद पडल्यास ही काटकसर महागात पडते. म्हणूनच खरेदीपूर्वी योग्य पारख होणे अगत्याचे आहे.

झीज कोठे होते?

लॅपटॉपचे सर्व भाग सारख्याच गतीने जुने होत नाहीत. प्रोसेसर आणि रॅम यांत हलणारे भाग नसल्याने ते बहुधा दीर्घकाळ टिकतात. बॅटरी, हार्ड डिस्क, पंखा, बिजागऱ्या व कळफलक मात्र वापरागणिक झिजतात. बाह्य चकाकीवरून या झिजेची कल्पना येत नाही.

लिथियम-आयन बॅटरीची क्षमता साधारणतः ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. विंडोज प्रणालीत बॅटरीचा अहवाल काढण्याची सोय आहे. मूळ क्षमता ५०,००० मिलिवॉट-तास आणि सध्याची २५,००० असेल, तर बॅटरी निम्मी संपली असे समजावे. टचपॅड किंवा तळाचे झाकण फुगून वर आले असल्यास तो लॅपटॉप घेऊच नये. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची व चाललेल्या तासांची नोंद ठेवते. ती विनामूल्य प्रोग्रॅमद्वारे वाचता येते. रोज आठ तास, वर्षाचे ३०० दिवस या हिशेबाने चार वर्षांत ९,६०० तास होतात. ‘फारसा वापरलेला नाही’ हा विक्रेत्याचा दावा या आकड्याशी ताडून पाहावा. डिस्क बदललेली असल्यास आकडा कमी दिसेल, हेही ध्यानी घ्यावे.

प्रत्यक्ष चाचणी

लॅपटॉप थंड असताना स्वतः सुरू करावा आणि बॅटरीवर अर्धा तास चित्रफीत चालवावी. तापल्यावर बंद पडणारे यंत्र याच वेळी उघडे पडते. प्रत्येक कळ, कॅमेरा, ध्वनी, वाय-फाय व सर्व जोडण्या तपासाव्यात. पूर्वीच्या मालकाचे खाते वा पासवर्ड पूर्णपणे काढल्याची खात्री करावी.

प्रणालीचे आयुष्य

यंत्र धडधाकट असले तरी त्याची प्रणाली कालबाह्य असू शकते. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. ही पिढी २०१७ मध्ये आली. केवळ ‘आय-५’ या नावावर विसंबू नये; ८२५० हा क्रमांक आठवी, तर ७२०० हा सातवी पिढी दर्शवितो. त्याहून जुन्या यंत्रावर लिनक्सचा पर्याय उपलब्ध आहे.

किमतीचा हिशेब

सांगितलेल्या किमतीत नव्या बॅटरीचा व आवश्यक तर नव्या डिस्कचा खर्च मिळवूनच सौदा ठरवावा. पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक व हमीची मुदत लिहून घ्यावी. पावती देण्यास नकार मिळाल्यास, किंमत कितीही आकर्षक असली तरी तो व्यवहार टाळणेच श्रेयस्कर होय.