मंदिरांत लेंकरांची जागा

शास्त्रपाठ : अनुवाद ३१:९–१३, १ शमुवेल ३:१–१०, मत्तय २१:१२–१६, मार्क १०:१३–१६.

गेल्या पावसाळ्यांत एका खेड्यांतील मंडळींत आम्ही रविवारच्या उपासनेस गेलों होतों. उपदेश चालला असतां दोन वर्षांचें एक मूल रडूं लागलें. लागलीच दहा-बारा माना मागें वळल्या. एका वडील गृहस्थांनीं हातानें बाहेर जाण्याची खूण केली, आणि ती बहीण धाकट्यास कडेवर घेऊन व थोरल्याचा हात धरून निमूटपणें बाहेर निंबाखालीं जाऊन बसली. उपासना आटोपल्यावर आम्हीं तिला विचारिलें, "बाई, आजचा उपदेश कानीं पडला का?" ती म्हणाली, "दादा, थोरला जन्मला तेव्हांपासून मी देवळाच्या आवारांत येतें, देवळांत नाहीं." हें ऐकून आम्हांस लाज वाटली; कारण वळलेल्या मानांत आमचीही एक मान होती.

प्रिय वाचकहो, लहान मुलांनीं उपासनेंत शांत व आदरानें बसावें असें आपणां सर्वांस वाटतें. परंतु तें शिकवावयाचें कोणीं व कसें, ह्याचा विचार आपण क्वचितच करितों.

प्रथम शास्त्र काय सांगतें तें पाहूं. दर सातव्या वर्षीं मांडवांच्या सणांत नियमशास्त्र वाचून दाखवावें अशी आज्ञा मोशेनें दिली, तेव्हां पुरुष, स्त्रिया, मुलेंबाळें व परके ह्या सर्वांस एकत्र जमविण्यास त्यानें सांगितलें. ज्या मुलांस अद्याप कांहीं ठाऊक नाहीं त्यांनीं ऐकावें व शिकावें, हें त्याचें कारणही त्यानें दिलें. म्हणजे मुलास समजत नाहीं, हें त्यास बाहेर ठेवण्याचें कारण नव्हे. आंत आणण्याचेंच कारण आहे. पुढें मंदिरांत मुलें होसान्ना म्हणून गर्जूं लागलीं तेव्हां मुख्य याजक व शास्त्री संतापले. प्रभूनें मात्र त्या मुलांचाच पक्ष घेतला. बाळकांस आणणाऱ्यांना शिष्यांनीं दटाविलें तेव्हां प्रभूचा राग झाला तो शिष्यांवर.

तथापि मुलांनीं मंदिरांत वाटेल तसें हुंदडावें, असा अर्थ कोणी काढूं नये. शमुवेल बाळ शिलो येथें देवाच्या मंदिरांतच राहत असे, तरी त्यास देवाची हांक ओळखतां आली नाहीं. वृद्ध एलीनें त्यास दोनदां परत निजावयास पाठविलें, आणि तिसऱ्या वेळीं उत्तर कसें द्यावें तें शिकविलें. मुलाच्या अंगीं आदर आपोआप येत नाहीं. वडील माणसानें धीर धरून तो शिकवावा लागतो.

ह्या शिक्षणाचा आरंभ घरीं होतो. ज्या घरांत रोज संध्याकाळीं दिवा लागल्यावर पांच मिनिटें वाचन, एक गीत व प्रार्थना होते, त्या घरच्या मुलास हात जोडून डोळे मिटणें नवीन वाटत नाहीं. शनिवारीं रात्रीं उद्यांचें एखादें गीत मुलांस शिकवावें. आपल्या उपासना संगीतांत रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचीं पुष्कळ पदें आहेत, व त्यांतील कित्येकांची चाल मुलें सहज उचलतात. ओळखीचें पद मंदिरांत ऐकूं आलें कीं मुलाचा चेहरा खुलतो. रविवारीं मुलास वेळेवर जेवूं घालून न्यावें. उपाशी व झोपमोड झालेलें लेंकरूं रडल्यास दोष त्याचा नव्हे.

मंदिरांत मुलांस मागें बसवूं नये. मागें बसलेल्या मुलास मोठ्यांच्या पाठींशिवाय काय दिसणार? पुढें सतरंजीवर बसवावें, व आतां प्रार्थना आहे, आतां वाचन आहे, असें कानांत हळूच सांगावें. दानाचें नाणें त्याच्याच हातीं द्यावें. "पाळकसाहेब कान कापतील" असा धाक कधीं घालूं नये. त्यानें आदर उत्पन्न होत नाहीं, भय मात्र होतें. हल्लीं मूल कुरकुरूं लागतांच त्याच्या हातीं मोबाईल देण्याची रीत पडत आहे. त्यानें मूल गप्प होतें खरें, परंतु त्याचें चित्त मंदिरांत राहत नाहीं. त्यापेक्षां एखादी चिंध्यांची बाहुली बरी. मूल फारच रडूं लागलें तर बाहेर न्यावें, शांत करावें व परत आणावें. बाहेर खेळूं दिल्यास, रडलें म्हणजे खेळावयास मिळतें एवढाच धडा तें शिकेल.

आतां मंडळीचें कर्तव्य. आपल्या बहुतेक खेड्यांत पुरुष एकीकडे व स्त्रिया एकीकडे बसतात, आणि सर्व मुलें आईच्याच पदरीं असतात. बापानें एक मूल आपल्या मांडीवर घेतल्यास त्याची प्रतिष्ठा कमी होईल काय? बाप्तिस्म्याच्या वेळीं किंवा अर्पणाच्या वेळीं मुलाविषयीं वचन आईबापांनीं मिळून दिलें ना? ज्या आजीबाईंचीं नातवंडें शहरांत आहेत त्यांनीं शेजारच्या सुनेचें मूल घटकाभर घ्यावें. पाळकांनीं मुलांस सर्वांदेखत रागें भरूं नये. उलट उपदेशांत एक तरी गोष्ट त्यांच्यासाठीं सांगावी. आणि आपण सर्वांनीं, मागें मूल रडलें तर मान वळवूं नये.

त्या बहिणीच्या मंडळींत आम्ही पुनः गेलों तेव्हां थोरला मुलगा बापाच्या मांडीवर झोंपीं गेलेला आम्हीं पाहिला. धाकटें मधूनमधून कुरकुरत होतें. परंतु त्याची आई आंत बसली होती, आणि तिच्या मांडीवर शास्त्र उघडें होतें.

विचारार्थ प्रश्न : १. आपल्या मंदिरांत मुलें कोठें बसतात, व तेथून त्यांस काय दिसतें? २. आपल्या मंडळींत उपासनेच्या वेळीं बाहेर बसणारी कोणी आई आहे काय? ३. पुढच्या रविवारीं तिचें मूल कोण घेईल?