उंबऱ्यावर नव्वद, पाट त्रेपन्न

विस्कॉन्सिन राज्यातल्या ॲपलटनमध्ये मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. इथून अर्ध्या तासावर ग्रीन बे आहे. वस्ती जेमतेम लाखाच्या आसपास, आणि तरी या गावाचा संघ, ग्रीन बे पॅकर्स, एनएफएलमध्ये म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या ३२ संघांच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळतो. संघाला एकटा मालक नाही. गावकऱ्यांनी आणि चाहत्यांनी घेतलेल्या शेअरवर तो चालतो. हंगाम सप्टेंबरात सुरू होतो, पण माझा जीव त्याआधीच्या ट्रेनिंग कॅम्पमध्ये जास्त गुंततो. जुलैच्या अखेरीपासून महिनाभर इथे माणसं निवडली जातात, गाळली जातात आणि जायबंदी होतात. इतकी वर्षं तो जवळून बघताना मनाशी पक्क्या झालेल्या काही गोष्टी लिहिते आहे.

१. सराव बघायला गेलात तर ज्यांची नावं ठाऊक नाहीत त्यांच्याकडे बघा.

लॅम्बो फील्ड या आपल्या स्टेडियमवरून सरावाच्या मैदानाकडे जाताना पॅकर्सचे खेळाडू गावातल्या पोरांच्या सायकली घेतात. सव्वाशे-दीडशे किलोचा गडी एवढ्याशा सायकलवर गुडघे फाकवून बसतो आणि सायकलवालं पोर त्याचं हेल्मेट छातीशी धरून बाजूने पळतं. हा रिवाज कित्येक दशकांचा आहे. सगळ्यांचे कॅमेरे अर्थातच प्रसिद्ध खेळाडूंवर असतात. मी मात्र कुंपणाशी बसून किक अडवण्याचा आणि किकमागे धावण्याचा सराव कधी सुरू होतो याची वाट बघते. हे काम मोठे खेळाडू सहसा करत नाहीत, आणि संघातल्या शेवटच्या पाच-सहा जागा त्याच्यावरच ठरतात. बचावफळीतला चौथ्या क्रमांकाचा लाइनबॅकर किकमागे जीव तोडून धावत नसेल, तर त्याला ठेवणं कोचला परवडत नाही.

२. अंतिम यादी ही गुणवत्ता यादी नव्हे.

कॅम्पमध्ये ९० जण असतात. ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी, आमच्याकडच्या दुपारी तीनपर्यंत, संघाला ते ५३ वर आणावे लागतात. पूर्वी ही कपात टप्प्याटप्प्याने व्हायची. २०२३ पासून ती एकाच दिवशी होते आणि देशभरात जवळजवळ बाराशे जणांची नोकरी जाते. पंगतीला पाट त्रेपन्नच. त्यात चेंडू फेकणारे क्वार्टरबॅक किती, झेलणारे रिसीव्हर किती, लाइनमन किती, याचं गणित आधीच मांडलेलं असतं. तुमच्या जागेवर तीन चांगले लोक असतील तर तुम्ही चांगले असूनही बाहेर.

१९९४ मध्ये कर्ट वॉर्नर याच मैदानावर कॅम्पला आला होता. त्याच्या पुढे ब्रेट फार्व, मार्क ब्रुनेल आणि टाय डेटमर असे तीन क्वार्टरबॅक होते. पॅकर्सनी त्याला सोडलं. मग तो आयोवातल्या सीडर फॉल्सला किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावू लागला. पुढे तो छपराखालच्या अरीना फुटबॉलमध्ये खेळला आणि तिथून सेंट लुईस रॅम्सकडे पोचला. १९९९ च्या ऑगस्टमध्ये एका सराव सामन्यात रॅम्सच्या ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला आणि वॉर्नर मैदानात उतरला. त्या हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, लीगचा अंतिम सामना, सुपर बोल, जिंकला, आणि २०१७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. ही गोष्ट सांगताना लोक जिद्दीवर भर देतात. मला त्यात गणितही दिसतं. एका गावी जागा नव्हती म्हणून तो दुकानात गेला, दुसऱ्या गावी दुसऱ्याच्या गुडघ्याने जागा मोकळी केली. जिद्द दोन्ही वेळा तेवढीच होती.

आई मिरजेहून आली असताना तिला सराव दाखवायला नेलं होतं. खेळाचा एकही नियम न विचारता तिने एवढंच विचारलं, “अगं, यातली जी मुलं घरी पाठवतात, त्यांचं पुढे काय होतं?” कॅम्पबद्दलचा याहून नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही. उत्तर असं, की चार हंगाम पूर्ण न केलेला खेळाडू आधी वेव्हरवर जातो. म्हणजे जवळजवळ एक दिवस इतर ३१ संघ त्याला मागू शकतात. कुणीच मागितलं नाही तर तो मोकळा होतो, आणि नशीब असेल तर कुठल्यातरी संघाच्या १६ जणांच्या प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये लागतो. २०२४ मध्ये मुख्य संघातल्या नवख्याला वर्षाला किमान ७,९५,००० डॉलर होते, प्रॅक्टिस स्क्वॉडवरच्याला आठवड्याला किमान १२,५००, आणि तेसुद्धा ठेवतील तितके आठवडेच.

३. सराव सामन्यांना हलकं लेखू नका.

ते पूर्वी चार असत, २०२१ पासून तीन झाले. मोठ्या खेळाडूंची शरीरं त्यामुळे वाचली, पण काठावरच्या मुलांची एक परीक्षा कमी झाली, आणि परीक्षा कमी होणं त्यांना परवडत नाही. मोठ्यांनाही तिथे अभय नसतं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये पिट्सबर्गला पॅकर्सच्या जॉर्डी नेल्सनने एक साधा पास झेलला, वळला आणि खाली बसला. कुणाचा धक्का नव्हता, तरी गुडघ्याचं एसीएल, म्हणजे आतला अस्थिबंध, तुटलं होतं. पूर्ण हंगाम गेला. माझ्याकडे येणारे एसीएलचे कितीतरी रुग्ण असेच, नुसतं वळताना पडलेले असतात. घरच्यांना ते पटवून देताना मी नेल्सनचं नाव घेते, कारण त्याच्या पुढच्या वर्षी त्याने लीगमध्ये सर्वाधिक, १४ टचडाउन झेलले.

४. जायबंदींच्या याद्या वेगवेगळ्या आहेत. प्रत्येकीचा अर्थ वेगळा.

कॅम्प सुरू होतानाच जो तंदुरुस्त नाही तो ‘पीयूपी’ यादीत जातो. पण त्याने एकदा जरी सराव केला तर ते दार कायमचं बंद. म्हणूनच कोच अशा खेळाडूला मैदानाच्या कडेला एकट्याला पळवत ठेवतात, सरावात घेत नाहीत. हंगाम सुरू होतानाही तो याच यादीत राहिला तर पहिले चार सामने बाहेर. खेळताना दुखावला तर ‘इंज्युअर्ड रिझर्व्ह’, म्हणजे आयआर, तिथेही किमान चार सामने. एका हंगामात संघ ठरावीक संख्येनेच माणसं आयआरवरून परत आणू शकतो. म्हणून मांडीच्या दुखापतीला पाच आठवडे लागणार की तीन, हा डॉक्टरचा प्रश्न बघता बघता जनरल मॅनेजरचा होतो. मैदानाबाहेर, मोटारीत किंवा घरी, लागलं असेल तर यादी तिसरी, आणि तिथे पगार देण्याचं बंधनही संघावर नसतं.

५. लपवलेली दुखापत कॅम्पमध्ये सगळ्यात महाग पडते.

खेळाडूंमध्ये एक जुनं वचन आहे: उपचाराच्या टबात बसून संघात जागा मिळत नाही. हे मला मनापासून नापसंत आहे. या वचनाच्या धाकाने मुलं ताणलेली हॅमस्ट्रिंग घेऊन पळतात. या स्नायूचं दुखणं चार दिवसांत बोलायचं थांबतं, पण तो बरा झालेला नसतो. पूर्ण वेगाने पहिली धाव घेतली की तो पुन्हा फाटतो, आणि दहा दिवसांचं दुखणं दोन महिन्यांचं होतं. ऑगस्टमध्ये इथल्या शाळांचेही कॅम्प असतात. सोळा वर्षांचा मुलगा माझ्या टेबलावर पालथा पडून “काही नाही, ठीक आहे” म्हणतो आणि मांडीला बोट लागताच श्वास रोखतो. त्याला हे टीव्हीवरच्या मोठ्यांनी शिकवलेलं असतं. अशा वेळी मी कोचला फोन करते आणि पोराचा राग पत्करते.

उन्हाचंही तेच. १ ऑगस्ट २००१ ला मिनेसोटा व्हायकिंग्जचा कोरी स्ट्रिंगर कॅम्पमधल्या सरावानंतर उष्माघाताने गेला. वय २७. तो कॅम्प होता ते मँकेटो हे गाव मिनेसोटातलं, म्हणजे उत्तरेकडचं, थंड समजल्या जाणाऱ्या मुलखातलं. त्यानंतर हळूहळू नियम बदलले. २०११ च्या करारात जड पॅड घालून दिवसातून दोनदा सराव करण्याची पद्धत बंद झाली, आणि आता पहिले दिवस पॅडविना शरीर सरावण्यासाठी राखलेले असतात. जुने लोक याला लाड म्हणतात. मी म्हणत नाही.

६. आयआरवर गेलेला माणूस संघाबाहेर गेलेला नसतो.

हे मला २०१० च्या पॅकर्सनी शिकवलं. त्या काळी आयआरवर नाव लागलं की हंगाम संपला, परतीची सोय नव्हती. पहिल्याच सामन्यात रायन ग्रँटचा घोटा गेला. मग जर्मायकल फिनलीचा गुडघा, निक बार्नेटचं मनगट, भारतीय वंशाच्या ब्रँडन चिलारचा खांदा. पंधरा जण त्या यादीत गेले. रिकाम्या जागी कोण आलं ते बघा. जेम्स स्टार्क्स अर्धा हंगाम पीयूपी यादीत होता. प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, पहिल्याच सामन्यात तो फिलाडेल्फियाविरुद्ध १२३ यार्ड धावला. ट्रॅमन विल्यम्सला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू वाटून घेण्याच्या वार्षिक निवडीत, कुणी घेतलं नव्हतं, ह्यूस्टनने सोडल्यावर तो आमच्या प्रॅक्टिस स्क्वॉडवर आला होता. फिलाडेल्फियाविरुद्ध शेवटच्या क्षणी चेंडू अडवून सामना वाचवला तो त्याने. सॅम शील्ड्सलाही ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नव्हतं. प्लेऑफमध्येच शिकागोत त्याने दोन पास पळवले. ६ फेब्रुवारी २०११ ला सुपर बोलमध्ये पॅकर्सनी पिट्सबर्गला ३१-२५ हरवलं. त्या सामन्यातही चार्ल्स वुडसनचं कॉलरबोन मोडलं आणि तो दुसऱ्या अर्ध्यात कडेला उभा राहिला.

त्या सुपर बोलच्या आठवड्यात एक वाद झाला होता. संघाचा अधिकृत फोटो आयआरवरचे खेळाडू पोचण्याआधीच काढायचं ठरलं होतं. फिनली आणि बार्नेट यांनी जाहीरपणे नाराजी बोलून दाखवली, आणि फोटो पुढे ढकलून सगळ्यांना त्यात घेतलं गेलं. काहींना ते दोघे हट्टी वाटले. मला ते शंभर टक्के बरोबर वाटतात. जायबंदी माणसाचं निम्मं दुखणं हाडाचं असतं आणि निम्मं, आपण गळालो या भावनेचं. माझ्या रुग्णांपैकी जो मुलगा व्यायाम संपवून संघाच्या सरावाला जाऊन नुसता बसतो, तो व्यायामही नेमाने करतो. घरी बसणारा पंधरा दिवसांत कंटाळतो.

७. यादीखालचा करार वाचा.

कॅम्पमध्ये दुखावलेल्या नवख्याला संघ ‘वेव्ह्ड, इंज्युअर्ड’ अशा शिक्क्याने सोडू शकतो. कुणी उचललं नाही तर तो संघाच्या आयआरवर परततो, किंवा काही आठवड्यांचे पैसे ठरवून त्याला मोकळं करतात. किती आठवडे, यावर घासाघीस होते. खेळाडूला स्वतंत्र डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क आहे आणि त्याने तो प्रत्येक वेळी वापरावा. शिवाय अनेक नवख्यांच्या करारात आयआरवर गेल्यास पगार कमी, असं कलम असतं. हे कलम काढून टाकलं पाहिजे. गुडघा संघाच्या मैदानावर, संघाच्या कामात गेला असेल तर त्या हंगामाचा पूर्ण पगार आणि पूर्ण बरा होईपर्यंतचा उपचार संघाने द्यावा, मग तो खेळाडू यादीत पहिला असो की नव्वदावा.