बियाणे दळून खाऊ नये



आपण ज्वारीच्या मुलखातली माणसे. कितीही दुष्काळ पडला तरी आपला शेतकरी पेरणीचे बियाणे दळून खात नाही. मासेमारीत मात्र आज नेमके तेच घडत आहे.

बारीक डोळ्यांच्या जाळ्यात मोठ्या माशांबरोबर पिल्लेही अडकतात. एकदाही अंडी न घालता पिल्लू मेले की त्याची पुढची पिढीही संपते. आपल्या तालुक्यातल्या उजनी जलाशयात हा धोका आहे, तसाच तो समुद्रातही आहे. सातपाटीच्या कोळी बांधवांचे पापलेट घटत गेले. म्हणून 2023 मध्ये शासनाने पापलेटला राज्यमासा घोषित केले आणि 54 जातींच्या माशांचा किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडू नये, असा नियम झाला. पावसाळ्यात जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना बंदी असते, तीही मासळीला अंडी घालू देण्यासाठी.

पण नियम एकट्या मच्छीमाराने पाळायचा का? कर्ज आणि डिझेलचा खर्च डोक्यावर असताना तो पिल्ले धरतो, कारण ती विकली जातात. विकत घेणारे आपणच. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात अनिर्बंध मासेमारीचा उल्लेख केला आहे. सृष्टीचे आपण मालक नाही, कारभारी आहोत. कारभाऱ्याने उत्पन्न खावे, मुद्दल नव्हे.

घरी विचार करू या: शुक्रवारी बाजारात बोटाएवढी पिल्ले स्वस्त मिळाली, तर आपण काय करू?