मेंदूची वेस

‘सर्च’ संस्थेने २०११ ते २०१३ या काळात गडचिरोलीच्या ८६ खेड्यांतील मृत्यूंच्या नोंदी ठेवल्या. सातांतला एक मृत्यू पक्षाघाताने, आपल्या बोलीत लकव्याने, झालेला आढळला.

मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगून जणू वेस राखतात. १८८५ मध्ये एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. बाकीचे अवयव रंगले, मेंदू कोराच! (कारण मात्र त्यांनी चुकीचे लावले.) गुठळीने रक्त अडले, की ही वेस खचते, पाणी आत झिरपते, मेंदू सुजतो. कवटी काही ताणत नाही. म्हणून आतला दाब वाढतो. गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. उशीर झाला, तर खचलेल्या भिंतीतून रक्तस्राव होण्याचा धोका असतो. आता नकाशा घ्या, भामरागड ते चंद्रपूर रस्ता मोजा आणि ताशी ४० किलोमीटर वेगाने किती तास लागतील, ते काढा.