दगडाची साक्ष

सोलापूरचा भुईकोट किल्ला तुम्ही पाहिला असेल. आपल्या भागातील काळा दगड कसा तयार झाला, ठाऊक आहे? सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हारस बाहेर पडला. तो पसरला, थंड झाला आणि त्याचा दगड बनला. इतक्या उष्णतेत प्राण्यांचे अवशेष टिकत नाहीत. मग त्या काळचे जीव आपल्याला कसे कळले?

जेथे चिखल व गाळ होता, तेथे हाडे, शिंपले, पाने गाडली गेली. हळूहळू ती दगडासारखी झाली. त्यांनाच जीवाश्म म्हणतात.

चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथे डायनासोरची हाडे आणि दगड झालेली विष्ठा सापडते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही विष्ठा तपासली. गवताच्या पात्यात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. पाते कुजले तरी ते कण टिकतात. असेच कण त्या विष्ठेत मिळाले, तेही निदान पाच प्रकारच्या गवतांचे! हा शोध 2005 साली प्रसिद्ध झाला. डायनासोर नाहीसे झाल्यावरच गवताचे निरनिराळे प्रकार निर्माण झाले, असा तोपर्यंत समज होता. या पुराव्यामुळे तो बदलला.

सजीव हळूहळू बदलत आजच्या रूपात आले, असे उत्क्रांतीचा सिद्धांत सांगतो. जमिनीचे थर त्याची साक्ष देतात. सहसा खालचा थर जुना, वरचा नवा. पिसदुरा येथील डायनासोरच्या थरात घोडा किंवा माणूस यांचे एकही हाड नाही. अमेरिकेतील जुन्या थरांत कुत्र्याएवढा, अनेक बोटांचा घोडा सापडतो. नव्या थरांत घोडा मोठा होतो, बोटे कमी होतात आणि गवत चावण्याजोगे उंच दात दिसतात.

आपली ज्वारीही गवताच्याच कुळातील आहे. कडक भाकरी खाताना आठवा, हे कूळ डायनासोरच्या काळापासूनचे आहे. आणि हेही आठवा, नवा पुरावा मिळाला की जुने मत तपासून पाहावे.

शब्दार्थ
साक्ष – पुरावा, ग्वाही
तप्त – खूप गरम
विष्ठा – प्राण्यांचे शेण
सूक्ष्म – अगदी बारीक
कूळ – घराणे, वंश

स्वाध्याय
1. जीवाश्म कसे तयार होतात?
2. पिसदुरा येथील शोधामुळे कोणता समज बदलला?
3. घोड्याच्या जीवाश्मांत कोणते बदल दिसतात?