कच, देवयानी आणि उःशाप

हल्ली आमच्या शाळेतील वरच्या वर्गांतल्या मुलामुलींच्या दप्तरांत अभ्यासाच्या पुस्तकांखाली एखादी जाडजूड इंग्रजी कादंबरी हमखास सापडते. मुखपृष्ठावर पंख, तलवारी आणि ज्वाला असतात. आत देवांची तरुण मुले एकमेकांवर प्रेम करतात, प्रेमभंग झाला की सूड उगवतात आणि शेवटच्या प्रकरणात कोणीतरी कोणालातरी पापातून सोडवतो. या वाचनाबद्दल आमची तक्रार नाही. मूल काहीतरी वाचते आहे यातच शिक्षकाने समाधान मानावे असा काळ आहे. परंतु हाच सगळा ऐवज, आणि त्याहून पुष्कळ कडक स्वरूपात, आपल्या महाभारताच्या आदिपर्वात पडून आहे, हे त्या मुलांस कोणी सांगितलेले नसते. या स्मरणिकेच्या निमित्ताने घरातील वडीलधाऱ्यांनी आणि मुलांनी मिळून वाचावे असे काहीतरी द्यावे म्हणून आम्ही ती कथा येथे घेतली आहे.

देव आणि असुर यांच्यात त्रैलोक्याच्या सत्तेसाठी युद्ध जुंपले होते. देवांचे पुरोहित बृहस्पती, असुरांचे शुक्राचार्य. शुक्राचार्यांपाशी संजीवनी विद्या होती. रणात पडलेले असुर ते पुन्हा उठवीत. बृहस्पतींपाशी ती नव्हती. तेव्हा देवांनी बृहस्पतींचा तरुण मुलगा कच यास असुरराज वृषपर्व्याच्या नगरीत शुक्राचार्यांचा शिष्य म्हणून धाडले. धाडताना जो सल्ला दिला तो लक्षात ठेवण्याजोगा आहे: शुक्राचार्यांची लाडकी कन्या देवयानी हिला प्रसन्न कर, म्हणजे विद्या मिळेल. कचाने एक सहस्र वर्षे ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. गाऊन, नाचून, वाद्ये वाजवून, फुले-फळे आणून त्याने देवयानीचे मन रिझवले. तीही त्याच्याजवळ बसून गाऊ लागली.

पाचशे वर्षे लोटल्यावर असुरांस खरा प्रकार उमगला. कच रानात गुरे राखीत असता त्यांनी त्यास मारले आणि त्याचे तुकडे लांडग्यांस चारले. संध्याकाळी गाई परतल्या, राखणदार परतला नाही. देवयानीने बापाला सांगितले, आणि विद्येच्या हाकेसरशी कच लांडग्यांची शरीरे फाडून बाहेर आला. दुसऱ्यांदा मारले, दुसऱ्यांदा उठला. तिसऱ्या खेपेस असुरांनी त्यास जाळले आणि त्याची राख मद्यात कालवून ती खुद्द शुक्राचार्यांसच पाजली. आता कचाला उठवावे तर गुरूचे पोट फाटणार. देवयानी म्हणाली की दोघांपैकी एक जरी गेला तरी मी जगणार नाही. तेव्हा शुक्राचार्यांनी पोटातल्या शिष्याला विद्या शिकवली. तो बाहेर आला आणि त्याने मेलेल्या गुरूस उठवले. ज्या पेल्याने हा अनर्थ केला त्या मद्यासही शुक्राचार्यांनी त्याच वेळी शाप दिला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1913 साली ‘विद्याहरण’ लिहिले तेव्हा त्यांचा जोर याच मद्यपानाच्या भागावर होता.

वर्गात येथपर्यंतची कथा मुले श्वास रोखून ऐकतात. खरा वाद पुढे सुरू होतो.

हजार वर्षे भरली. कच निरोप घेऊ लागला आणि देवयानीने त्यास लग्नाची मागणी घातली. कच म्हणाला, ज्या देहातून तू जन्मलीस त्याच देहात मी राहून आलो, म्हणून धर्माने तू माझी बहीण आहेस. देवयानीने शाप दिला: तुझी ही विद्या तुला फळणार नाही. कचाने उलट शाप दिला: कोणीही ऋषिपुत्र तुझा हात धरणार नाही.

दोष कोणाचा, असे आम्ही विचारले की वर्गात दोन तट पडतात. बहुतेक मुले म्हणतात, नाही म्हणण्याचा अधिकार कचाला होता. बहुतेक मुली विचारतात, मग हजार वर्षे गाणे कशासाठी गायले? आमच्या मते दोन्ही बाजू खऱ्या आहेत. देवांनी सल्ला दिला तेव्हाच त्या मुलीचे मन हे हत्यार म्हणून वापरायचे ठरले होते. कचाची कृतज्ञता खरी असली तरी तो आला होता कामासाठी. पण म्हणून देवयानीच्या शापाचे समर्थन होत नाही. तीन वेळा जिला त्याचा प्राण हवा होता तिने, नकार ऐकताच, त्याच्या हजार वर्षांच्या श्रमाचे फळ मागून घेतले. नकार मिळालेल्या तरुणाने मुलीच्या तोंडावर ॲसिड फेकल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. मला नाही तर कोणालाच नाही, हे वाक्य दोन्हीकडे एकच आहे. नकार ऐकून घेणे ही संजीवनीहून अवघड विद्या असावी. ती शुक्राचार्यांपाशीही नव्हती, आणि उलट शाप देणाऱ्या कचापाशीही नव्हती.

आता या लेखाचा मुख्य मुद्दा. शाप मागे घेता येत नाही. उच्चारलेला शब्द खोटा करण्याची सोय या कथांत देवांनाही नाही. सोय आहे ती उःशापाची, म्हणजे शापातून निघण्याच्या वाटेची. ती वाट कोठून जाते ते पाहावे. कच म्हणतो: विद्या मला फळणार नाही, ठीक, मी जिला ती शिकवीन त्या व्यक्तीला तर फळेल. तो स्वर्गात गेला, देवांस विद्या दिली, आणि देवांचे काम झाले. स्वतःच्या हाताने एकही मेलेला उठवू न शकणाऱ्या या संजीवनीधारकाबद्दल आम्हां शिक्षकांस विशेष आपुलकी वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढची कथा पुष्कळांस ठाऊक आहे म्हणून थोडक्यात सांगतो. वृषपर्व्याची मुलगी शर्मिष्ठा आणि देवयानी यांचे जलक्रीडेच्या वेळी वस्त्रांच्या अदलाबदलीवरून भांडण झाले. शर्मिष्ठेने तिच्या बापाला भाट आणि याचक म्हटले आणि तिला विहिरीत ढकलले. मृगयेस आलेल्या ययाती राजाने उजवा हात धरून देवयानीस वर काढले. शुक्राचार्यांनी मुलीस क्षमेचा पाठ पुष्कळ समजावला. तिने ऐकले नाही. शर्मिष्ठा माझी दासी झाली पाहिजे, एवढेच तिचे मागणे. येथे शर्मिष्ठेचे उत्तर मोठे आहे: माझ्यामुळे माझ्या कुळावर संकट नको, मी दासी होते. लग्न होऊन देवयानी ययातीच्या घरी गेली, मागून दासी म्हणून शर्मिष्ठा गेली, आणि कालांतराने देवयानीस दोन मुलगे झाले तर शर्मिष्ठेस त्याच राजापासून गुपचूप तीन. अंगणात खेळणाऱ्या त्या तिघांचे चेहरे देवयानीला बोलले. ती रडत बापाकडे गेली आणि शुक्राचार्यांनी ययातीस तत्काळ म्हातारपण येईल असा शाप दिला.

पुन्हा उःशाप, आणि पुन्हा त्याची वाट दुसऱ्याच्या दारावरून: कोणी आपखुशीने घेत असेल तर हे म्हातारपण त्यास देता येईल. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू या चौघांनी नकार दिला. सर्वांत धाकटा, शर्मिष्ठेचा पुरू, हो म्हणाला. ययातीने सहस्र वर्षे तारुण्य भोगले, भोगाने इच्छा संपत नाही हे त्यास कळले, आणि मग त्याने ते तारुण्य पुरूस परत केले.

ही गोष्ट सांगताना पुरूची पितृभक्ती सांगून पुढे जाण्याची आपल्याकडे रीत आहे. पण सोळा वर्षांचे मूल तेवढ्याने थांबत नाही. बापाने मुलाचे तारुण्य मागावेच का, असे ते विचारते. गिरीश कर्नाडांनी विलायतेस निघण्याच्या सुमारास, विशीच्या पहिल्या दोनतीन वर्षांत, कानडीत ‘ययाति’ नाटक लिहिले (ते 1961 साली प्रसिद्ध झाले), त्यात हाच प्रश्न आहे. त्यांनी पुरूला एक पत्नी दिली आणि नवऱ्याच्या या त्यागाने तिच्या वाट्यास काय आले ते दाखवले. आमच्या या सीमाभागात मराठी आणि कानडी दोन्ही वाचणारी घरे आहेत. त्यांनी हे नाटक वि. स. खांडेकरांच्या 1959 सालच्या ‘ययाति’ कादंबरीशेजारी ठेवून वाचावे. खांडेकर 1920 ते 1938 या काळात शिरोड्यास शाळामास्तर होते. त्यांच्या कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघेही आपापली बाजू स्वतःच्या तोंडाने सांगतात. 1974 सालचे ज्ञानपीठ पारितोषिक त्यांस मिळाले ते याच कादंबरीमुळे. वि. वा. शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ 1966 साली रंगभूमीवर आले, त्याची पदे गोव्याच्या मंगेशीत जन्मलेल्या जितेंद्र अभिषेकींच्या चालींमुळे अजून घरोघर गुणगुणली जातात. एकाच दशकात तिघा मोठ्या लेखकांस ही कथा पुन्हा सांगाविशी वाटली, ती काही राजाच्या विलासासाठी खास नव्हे.

ययातीची गोष्ट अजून संपत नाही. स्वर्गात गेल्यावर त्यास गर्व झाला. आपल्या तोडीचे तप देव, मानव, गंधर्व वा ऋषी यांपैकी कोणाचेच नाही असे तो इंद्रास म्हणाला आणि खाली कोसळला. पडला तो आपल्या नातवांमध्ये. आदिपर्वात ते आपले पुण्य देऊ करतात, तो घेत नाही, आणि अखेर सगळे मिळून स्वर्गास जातात. उद्योगपर्वात हीच कथा अधिक बोचरी आहे. हे नातू ज्या माधवीचे, त्या आपल्या मुलीला ययातीने एकदा गालव ऋषीच्या हवाली केले होते. गुरुदक्षिणेचे आठशे घोडे जमवण्यासाठी गालवाने तिला एकापाठोपाठ तीन राजांकडे ठेवले. प्रत्येकाकडून दोनशे घोडे मिळाले, आणि उरलेल्या दोनशेंच्या बदल्यात खुद्द गुरू विश्वामित्रांनी तिला ठेवून घेतले. तिचे मन कोणी विचारले नाही. पुढे तिने वर नाकारून अरण्य पत्करले. तीच माधवी, कोसळलेला बाप समोर दिसताच, आपल्या साठवलेल्या धर्मातील अर्धा त्यास देऊ करते. तिच्या मुलांनी दिलेल्या पुण्यावर ययाती पुन्हा वर चढतो. ज्यांच्याकडून घेतले त्यांनीच सोडवावे, हे या कथेत दोनदा घडते: आधी मुलगा, मग मुलगी आणि तिची मुले. सूड घ्यायचा तर माधवीइतके कारण कोणापाशी होते? इंग्रजी कादंबरीत तिने तलवार उपसली असती.

म्हणजे कचाला वाट मिळाली, ययातीस दोनदा मिळाली. देवयानीचे काय? कचाच्या शापातून तिला वाट कोणी दिली नाही. ऋषिपुत्र मिळाला नाही. राजा मिळाला तो हा असा. तिने दोन सूड घेतले आणि दोन्ही पूर्ण झाले. ययाती म्हातारा झाल्यावर ती काय म्हणाली, शर्मिष्ठेशी पुढे बोलली की नाही, याविषयी आदिपर्व गप्प आहे. तिचे नाव पुढे एकदा येते ते वादातला मुद्दा म्हणून. पुरूस राज्य देताना प्रजा ययातीस विचारते की शुक्राचार्यांचा नातू, देवयानीचा थोरला मुलगा यदू, त्यास डावलून धाकट्यास गादी कशी? राजा उत्तर देतो की जो मुलगा माझे म्हातारपण घेईल तोच राजा होईल असा वर खुद्द शुक्राचार्यांचाच आहे. प्रजा मान्य करते. दासीचा मुलगा गादीवर बसतो आणि देवयानीच्या लाडक्या बापाचाच शब्द त्यास कारण होतो.

पुरूच्या वंशात कौरव-पांडव झाले. नकार देणाऱ्या यदूस बापाने शाप दिला होता की तुझ्या संततीस राज्य मिळणार नाही. त्या राज्य नसलेल्या वंशात कृष्ण जन्मला. त्याच्या वंशावळीत मागे मागे जात राहिले की यदूची आई म्हणून देवयानी भेटते. गोकुळाष्टमीच्या कीर्तनांत तिचे नाव आमच्या कानांवर तरी कधी आलेले नाही.